दिव्यांग अनुदानाचा अर्ज अडला? मोफत वकील कसा मिळवायचा आणि दाद कुठे मागायची

तहसील कार्यालयातल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या खिडकीवर काही वाक्ये रोज ऐकू येतात. "पुढच्या मिटिंगला बघू." "साहेब दौऱ्यावर आहेत." "टक्के कमी पडतात, होणार नाही तुमचं." ऐकणारा माणूस कुबडी सावरत परत फिरतो, एसटीने गावी जातो आणि घरी सांगतो, अर्ज नामंजूर झाला. खरे तर काहीच झालेले नसते. कागदावर एक ओळही उमटलेली नसते, आणि तोंडी नकाराविरुद्ध कुठेच अपील करता येत नाही.

मी तालुका न्यायालयात विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. आमच्याकडे येणारे बहुतेक दिव्यांग आणि त्यांचे पालक फार उशिरा येतात. वर्ष-दोन वर्षे हेलपाटे घालून, एजंटाला पैसे देऊन, मग कुणीतरी सांगते म्हणून. हा सगळा लेख त्यांच्यासाठी आहे जे अजून आलेले नाहीत. पहिल्या तोंडी नकारालाच कायद्याची मदत घ्या. ती मोफत आहे आणि ती मागायला कोर्टात केस चालू असावी लागत नाही.

मोफत वकील कुणाला मिळतो

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 मध्ये मोफत विधी सेवेला पात्र असलेल्यांची यादी आहे. त्यात दिव्यांग व्यक्ती स्वतंत्रपणे नमूद आहेत आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. घरी शेती आहे, भाऊ नोकरीला आहे, स्वतःला पेन्शन आहे, तरीही हक्क तोच. "तुम्ही गरीब दिसत नाही" असे कुणी म्हणाले तर कलम 12 दाखवा.

इथे एक अडचण हमखास येते. दिव्यांग म्हणून मदत मागायची तर दिव्यांगत्वाचा पुरावा हवा, आणि तुमचे भांडणच नेमके प्रमाणपत्र मिळत नाही हे असते. अशा वेळी त्याच कलमातला दुसरा आधार घ्या. अर्जदार महिला असेल तर तेवढे पुरे, तिलाही उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीलाही नाही. मूल दिव्यांग असेल तर आईने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. यातले काहीच लागू नसेल तर महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यालाही मोफत सेवा मिळते.

"विधी सेवा" म्हणजे फक्त कोर्टातली केस, हा समज सोडा. कायद्यातल्या व्याख्येत न्यायालयाबरोबर कोणत्याही प्राधिकरणापुढची कार्यवाही येते आणि नुसता सल्लाही येतो. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन, दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, प्रमाणपत्राविरुद्धचे अपील, हे सारे त्यात बसते. वकिलाची फी, कोर्ट फी, नकला काढण्याचा खर्च तुमच्या खिशातून जात नाही.

कुठे जायचे, काय लिहून द्यायचे

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात, आणि रोजचे काम पाहणारे सचिव हेही न्यायिक अधिकारीच असतात. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. गेटवरच्या पोलिसाला "लीगल एड कुठे" विचारले तरी तो बोट दाखवतो. उच्च न्यायालयात जायचे असेल तर तिथे वेगळी उच्च न्यायालय विधी सेवा समिती आहे.

येणे शक्य नसेल तर 15100 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करता येतो, टपालाने पाठवता येतो, नातेवाइकाच्या हाती देता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने "विधी स्वयंसेवकाला घरी पाठवावे" अशी ओळ अर्जात जरूर घालावी. कर्णबधिर व्यक्तीने सांकेतिक भाषेचा दुभाषी मागावा आणि दृष्टिहीन व्यक्तीने कागद वाचता येतील अशा स्वरूपात मागावेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे कलम 12 न्यायापर्यंत पोहोचण्याच्या याच सोयींबद्दल आहे.

छापील अर्ज तिथे मिळतो. नाही मिळाला तर साध्या कागदावर चालतो. लोक या अर्जात आयुष्याची कहाणी लिहितात आणि नेमके काय हवे तेच राहून जाते. मी साधारण असा मजकूर सुचवते:

"मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, यांस. मी दिव्यांग असून माझे दिव्यांगत्व ... टक्के आहे. मी दिनांक ... रोजी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज केला (पोच जोडली आहे). अद्याप लेखी निर्णय मिळालेला नाही. दिनांक ... रोजी तोंडी नकार देण्यात आला. मला विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 नुसार वकिलाची नेमणूक करून लेखी निवेदन, पाठपुरावा व आवश्यक तर अपील यासाठी मदत मिळावी. माझी सोयीची भाषा मराठी आहे."

सोबत आधार, प्रमाणपत्र किंवा उपचाराचे कागद आणि आधी दिलेल्या अर्जाची पोच यांच्या छायाप्रती लावा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.

नालसाच्या 2010 च्या विनियमांनुसार अशा अर्जावर लगेच, आणि जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. वकील नेमला की पत्र येते, त्यावर वकिलाचे नाव असते. हे वकील पॅनेलवरचे असतात, त्यांना मानधन प्राधिकरण देते, त्यांनी तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. "टायपिंगचे द्या", "येण्याजाण्याचे द्या" अशी मागणी झाली तर सचिवांकडे लेखी सांगा, वकील बदलून मिळतो. वकील फोन उचलत नसतील, तारखेला येत नसतील, तरीही तेच करा. फुकटची सेवा आहे म्हणून गप्प बसणारे लोक पाहिले की वाईट वाटते. ती मेहेरबानी नाही.

वकिलाची गरज कधी असते

नुसता अर्ज भरायला वकील लागत नाही. तलाठी, सेतू केंद्र, गावातला ग्रामरोजगार सेवक किंवा आमच्यासारखा स्वयंसेवक पुरतो. पण काही टप्पे असे आहेत की तिथे एकट्याने जाऊ नये: वैद्यकीय मंडळाने टक्के कमी दिले किंवा अर्ज फेटाळला, योजनेचा अर्ज महिनोन्महिने पडून आहे, चालू अनुदान अचानक बंद पडले, बौद्धिक दिव्यांग मुलाचे पालकत्व घ्यायचे आहे, किंवा प्रमाणपत्राच्या पडताळणीची नोटीस आली आहे. शेवटच्या बाबतीत तर उत्तराचा पहिला कागद जाण्यापूर्वीच वकील हवा.

प्रमाणपत्र: सगळ्याचे मूळ इथे आहे

1 जून 2021 पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळते, स्वावलंबन कार्डाच्या केंद्रीय संकेतस्थळावरून, आणि त्याच्याबरोबर यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचा देशभर चालणारा ओळख क्रमांक येतो. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व आहे. कार्डाचा रंग टक्क्यांप्रमाणे बदलतो: 40 पेक्षा कमी असेल तर पांढरा, 40 ते 80 च्या आत पिवळा, 80 व त्याहून अधिक असेल तर निळा. बहुतेक योजनांची सीमारेषा 40 टक्के आहे, म्हणून 38 आणि 40 यांच्यामधले दोन टक्के हा पोटाचा प्रश्न असतो.

तपासणी राहत्या जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयातच झाली पाहिजे असे नाही. जिथे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत, ते सरकारी रुग्णालय अधिसूचित असेल तर तिथेही अर्ज करता येतो. कामासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना ही सोय माहीतच नसते, आणि ते रजा टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या मारत राहतात.

तपासणीला जाताना जुने डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑडिओमेट्रीचा (श्रवण तपासणीचा) अहवाल, शाळेतल्या मूल्यमापनाचे कागद, फिजिओथेरपीच्या नोंदी, सारे तारखेप्रमाणे लावून न्या. डॉक्टरांसमोर वेळ थोडा असतो. "आज बरं आहे" असे म्हणू नका. महिन्यातले किती दिवस काम होत नाही, जिना चढता येतो का, शर्टाची बटणे स्वतः लावता येतात का, हे सांगा. लपवायचे काही नाही आणि वाढवून सांगायचेही काही नाही.

आता टक्क्यांचा हिशेब. एकाच व्यक्तीला दोन दिव्यांगत्वे असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही, आणि लहान आकडा सोडूनही दिला जात नाही. सूत्र असे: मोठा आकडा, अधिक लहान आकड्याला (90 वजा मोठा आकडा) ने गुणून 90 ने भागलेली रक्कम. समजा पायाचे दिव्यांगत्व 30 टक्के आणि ऐकण्याचे 20 टक्के आहे. 90 मधून 30 गेले 60 राहिले. 20 गुणिले 60 म्हणजे 1200. भागिले 90 म्हणजे साधारण 13. तीस आणि तेरा, 43 टक्के. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही चाळीसच्या खाली, एकत्र पाहिले तर पात्र. अशी प्रकरणे माझ्या समोर आली आहेत, जिथे पायाची तपासणी झाली, कानाची झालीच नाही, आणि 30 टक्क्यांचा कागद हाती देऊन माणसाला परत पाठवले गेले. बहुदिव्यांगत्वाची तपासणी व्हावी अशी लेखी मागणी करणे हे अशा वेळी वकिलाचे पहिले काम.

दिव्यांग व्यक्ती हक्क नियम 2017 मध्ये फेटाळणी कळवण्याचा वेगळा छापील नमुना आहे, नमुना 8. कारणे त्यात लिहून द्यायची असतात. तोंडी "होत नाही" म्हटले तर तो कागद मागा. देत नसतील तर रुग्णालयाच्या आवक शाखेत एक ओळीचा अर्ज टाका: "माझा अर्ज नामंजूर झाल्याचे सांगण्यात आले, नियमानुसार कारणांसह लेखी द्यावे." त्याची पोच घ्या. 2024 च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राचा निर्णय होण्याची मुदत तीन महिने आहे. त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षांहून अधिक काळ निर्णयाविना राहिलेला अर्ज बाद होऊ शकतो, तेव्हा अर्ज करून नुसते बसू नका.

टक्के मान्य नसतील तर 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली अपील आहे. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचे हे राज्य सरकार ठरवते. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर ते लिहिलेले नसेल तर लेखी विचारा आणि त्याच आठवड्यात विधी सेवा कार्यालयात या. मुदत संपल्यावर आलेल्या माणसासाठी वकिलाला आधी उशीर माफ करून घ्यावा लागतो, मूळ मुद्दा मागे पडतो.

प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची वैधतेची तारीख मोबाइलमध्ये घालून ठेवा. तारीख उलटली की अनुदान थांबते, आणि कळते तीन हप्ते बुडाल्यावर. 2021 च्या आधी मिळालेले प्रमाणपत्र यूडीआयडीवर चढवून घेतले नसेल तर तेही करून घ्या.

संजय गांधी निराधार अनुदान: अर्ज कुठे अडतो

महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी सर्वांत जास्त वापरात असलेली योजना हीच. वय 18 ते 65, किमान 40 टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात किमान 15 वर्षे वास्तव्य, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये (इतरांसाठी 21 हजार). दरमहा 1500 रुपये मिळत होते, दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर 2025 पासून ते 2500 करण्याचा निर्णय झाला. 65 वर्षे पूर्ण झाल्यावर श्रावणबाळ योजना लागू होते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या 80 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयातच होतो, तेव्हा दोन्हींची पात्रता एकदमच तपासून घ्या.

अर्ज अडतात ते बहुतेक उत्पन्नाच्या दाखल्यावर. मर्यादा इतकी कमी आहे की तलाठ्याच्या चौकशी अहवालातल्या एका चुकीच्या आकड्याने प्रकरण बाद होते. एका मावशींच्या मुलाचे प्रकरण असेच परत आले होते. त्याला सेरेब्रल पाल्सी. शेऱ्यात लिहिले होते "उत्पन्न जास्त". आम्ही अहवालाची नक्कल काढली, तर त्यात विभक्त राहणाऱ्या दिराची विहीर-बागायत मावशींच्या नावापुढे धरलेली. शिधापत्रिका वेगळी, चूल वेगळी, सातबारा वेगळा. ते तिन्ही कागद आणि सरपंचांचा दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला आणि दाखला बदलून मिळाला. यात कोर्टाचा काही संबंध आला नाही. नक्कल मागायची असते, एवढेच कुणी सांगितले नव्हते.

दुसरी अडचण बँकेची. पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यावर थेट येतात. पासबुकावर "संजय", आधारवर "संजयकुमार", प्रमाणपत्रावर "संजय कुमार", अशा तीन नावांचा एक माणूस सरकारी संगणकाला तीन माणसे वाटतो. अर्जापूर्वीच नावे एकसारखी करून घ्या, आणि आधार नेमके कोणत्या खात्याशी जोडले आहे हे बँकेत विचारा, कारण पैसे त्याच खात्यात जातात. ज्यांचे बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा हातच नाहीत, त्यांच्यासाठी आधारमध्ये बायोमेट्रिक अपवादाची तरतूद आहे. "ठसे येत नाहीत, काही करता येणार नाही" हे उत्तर स्वीकारू नका.

प्रतिज्ञापत्रासाठी 500 रुपयांचा स्टँप पेपर आणायला कुणी सांगितले तर खर्च करण्याआधी थांबा. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालते.

आणि पोच. अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही तुमच्या प्रतीवर हवी. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर ए.डी. करा. वकिलाला सगळ्यात आधी हाच कागद लागतो. त्याच्यावरून मुदत मोजता येते, तो नसेल तर अर्ज केल्याचेच सिद्ध करावे लागते.

लेखी निर्णय कसा काढायचा

एक-दोन महिने काही हालचाल नसेल तर माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा; दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला तोही नाही. तक्रार लिहू नका, कागद मागा: "माझ्या दिनांक ... च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, तलाठ्यांच्या चौकशी अहवालाची प्रत, प्रकरण समितीच्या ज्या बैठकीत ठेवले तिच्या इतिवृत्ताची प्रत." 30 दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील, त्याची फी 20 रुपये. लिहिता येत नसेल तर जन माहिती अधिकाऱ्यानेच अर्ज लिहून घेण्यास मदत करायची असते, आणि दृष्टी किंवा श्रवणाचे दिव्यांगत्व असेल तर माहिती मिळवण्यासाठी सहाय्य करायचे असते, असे त्या कायद्यातच आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 हा दुसरा उपाय. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवांची यादी, मुदत आणि पदनिर्देशित (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या) अधिकाऱ्याचे नाव कार्यालयात फलकावर लावायचे असते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला वेळेत मिळाला नाही तर या कायद्याखाली अपील करा. दोन अपिलांनंतर लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते, आणि कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. एरवी महिनाभर न मिळालेला दाखला पहिल्या अपिलाची प्रत पोहोचताच बाहेर पडतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे निवेदन आधी द्यावे लागते, ऐन दिवशी नेऊन चालत नाही. पॅनेल वकिलाकडून एक पानी, मुद्देसूद निवेदन लिहून घ्या आणि शेवटी मागणी एकच ठेवा: अर्जावर कारणांसह लेखी निर्णय द्यावा.

यानंतरची पायरी राज्य दिव्यांग आयुक्तांची. कार्यालय पुण्यात आहे. तिथे तक्रार करायला कोर्ट फी नाही, वकील असणे बंधनकारक नाही, टपालाने तक्रार पाठवता येते. 2016 च्या कायद्याच्या कलम 80 खाली ते दिव्यांगांचे हक्क डावलल्याच्या प्रकरणांची चौकशी करतात, आणि कलम 82 नुसार साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे हजर करायला लावणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही करायची असते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणे आयुक्तांना व तक्रारदारालाही कळवायची असतात. ही शिफारस आहे, हुकूमनामा नाही, हे खरे. तरी तिचे वजन मोठे आहे, कारण पुढे उच्च न्यायालयात गेलात तर "आयुक्तांनी सांगूनही केले नाही" हा कागद तुमच्या हातात असतो.

उच्च न्यायालयातली रिट याचिका शेवटी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच, जे तुमच्या जिल्ह्याला लागू असेल तिथे. इथेही वकील मोफत मिळतो. पण न्यायालय आधी विचारते, तुम्ही कुठे कुठे दाद मागितली. म्हणूनच वरच्या पायऱ्यांचे कागद जपायचे.

ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हा निधी किती होता, कशावर खर्च झाला, हेही माहिती अधिकारात मागा. गावातल्या चार-पाच दिव्यांगांनी मिळून मागितलेत तर उत्तर लवकर येते.

मूल अठराचे झाले आणि बँक म्हणाली, पालक कोण?

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांना हा धक्का अठराव्या वाढदिवसानंतर बसतो. काल सही चालत होती, आज बँक म्हणते कायदेशीर पालकत्वाचे पत्र आणा. आई-वडील आपोआप सज्ञान मुलाचे कायदेशीर पालक राहत नाहीत.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. अर्ज मूल सतरा-साडेसतराचे असतानाच तयार करून ठेवा. आई-वडील दोघेही हयात असतील तर दोघांनी मिळून करावा, आणि तिसरे, वयाने लहान असे विश्वासाचे माणूस कोण हेही आताच ठरवा. समितीच्या बैठका वेळेवर होत नाहीत ही सर्वत्र तक्रार आहे. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे एक पत्र उपयोगी पडते. याच न्यासाची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिची नोंदणीही लगोलग करून टाका.

मानसिक आजार किंवा या चार गटांबाहेरचे दिव्यांगत्व असेल तर वाट वेगळी आहे. 2016 च्या कायद्याचे कलम 14 मर्यादित पालकत्वाबद्दल बोलते, ज्यात निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून घ्यायचे असतात. याला वकील हवाच.

पडताळणीची नोटीस आणि एजंट

बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. ती व्हायलाही हवी. खोट्या दाखल्यावर लाटलेली जागा खऱ्या दिव्यांगाची असते. पण नोटीस आली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. मुदतीत लेखी उत्तर द्या, फेरतपासणीला हजर राहा, प्रवास शक्य नसेल तर तसे कळवून सोय मागा. नोटीस कपाटात टाकलेल्या माणसांचे अनुदान गैरहजेरीच्या कारणाने बंद होते.

एजंटापासून मात्र लांब राहा. "टक्के वाढवून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर अडकता तुम्ही, तो नाही. 2016 च्या कायद्याच्या कलम 91 नुसार दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जो खरोखर 45 टक्के दिव्यांग आहे तोही 75 च्या मोहापायी सगळेच गमावून बसतो.

खासगी वकील करायचा असेल तर जरूर करा. फी किती आणि कशाकशाची हे आधी लिहून घ्या, कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका, पैशाची पावती घ्या. "थकबाकी मिळाली की निम्मी माझी" असा सौदा वकिलाला करताच येत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

गोव्यातल्या वाचकांसाठी

गोव्यात दिव्यांगांना मासिक सहाय्य दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळते, ते समाजकल्याण खात्याकडे. कागदपत्रे आणि रकमा वेगळ्या आहेत. पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, यूडीआयडी आणि 15100 हा क्रमांक सगळ्या देशाला एकच. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी कुटुंबांनाही तेच लागू.

मंजुरी मिळाल्यावर

मंजुरीच्या आदेशाची प्रत मागून घ्या आणि त्यात अनुदान कोणत्या महिन्यापासून लागू आहे ते पाहा. आदेश जानेवारीचा आणि पहिला हप्ता जूनचा, असे झाले असेल तर मधल्या महिन्यांची रक्कम लेखी मागा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो; त्याचीही पोच घ्या. पत्ता बदलला, बँक बदलली, तालुका बदलला तर आधी कळवा, मग बदला. हप्ता चुकला तर पासबुक भरून आणा आणि ज्या महिन्यापासून पैसे आले नाहीत त्या नोंदीची छायाप्रत अर्जाला जोडा. वकिलाचे नेमणूक पत्र, सगळ्या पोच आणि आदेश एका फाइलमध्ये ठेवून घरातल्या आणखी एका माणसाला ती कुठे आहे ते सांगून ठेवा.